वजन आल्याशिवाय बोलायचं नाही

आमचं गाव वसलं ते दोन मापं जुळली नाहीत म्हणून.

मोठी लाईन आधी आली. ती सपाटीवरून सरळ आली आणि सरळ निघून गेली. आमच्याकडे फक्त इंजिनात पाणी भरायला थांबायची. पुढे डोंगरातलं लाकूड आणि दगड खाली आणायला दुसऱ्याच एका कंपनीनं धाकटी लाईन टाकली. वळणं अवघड, हात आखडता, म्हणून रूळ अरुंद. दोन्ही कंपन्यांच्या साहेबांनी एकमेकांना विचारलंच नाही म्हणतात, किंवा विचारलं असेल आणि कोणी ऐकलं नसेल. एवढं खरं की धाकटीचा डबा मोठीच्या रुळावर चालेना आणि मोठीचा डबा धाकटीच्या रुळावर उभा राहीना. मग दोन्हींच्या मध्ये एक लांबलचक दगडी धक्का बांधला. डोंगरातून आलेली प्रत्येक वस्तू धाकटीच्या वॅगनमधून माणसांनी हातानं काढायची आणि पलीकडे मोठीच्या वॅगनमध्ये भरायची, तसंच वर जाणारी वस्तू उलटी न्यायची, असं ठरलं. ही सोय तात्पुरती होती. त्या तात्पुरत्या सोयीनं माझ्या आजोबांचा जन्म, लग्न आणि मरण पाहिलं आणि त्यानंतरही ती चालूच राहिली.

धक्क्यावर माणसं लागली, माणसांना घरं लागली, घरांना दुकानं लागली. शिवाय गाडी बदलणारे प्रवासी. गाडी बदलणाऱ्या माणसाला हमखास भूक लागते, त्याच्या चपलेचा अंगठा तुटतो, त्याच्या पोराला नेमकं तेव्हाच जायचं असतं. या सगळ्यावर आमच्या गावानं आपला संसार थाटला. स्टेशनच्या पाटीवर नावापुढे 'जंक्शन' लिहिलेलं होतं आणि आम्ही पोरं त्या शब्दाचा एवढा तोरा मिरवायचो की जणू बाकीच्या गावांना नावंच नव्हती.

माझी काकू या धक्क्याची मुकादम होती. धक्का गेला, मुकादमी गेली, पण लोक तिला अजूनही मुकादमच म्हणतात. तिला ओळखत नसलेला माणूस स्टेशनात उतरला तरी थोड्याच वेळात ती त्याला सामान कुठे ठेवायचं ते सांगत असते.

ती लग्न होऊन आली तेव्हा काका आणि माझे बाबा, दोघेही भाऊ, धक्क्यावरच्या टोळीत होते. काका थोरले. आमची रेल्वेची चाळ यार्डाला पाठ करून उभी होती, पण काकूच्या स्वयंपाकघराची खिडकी बरोबर धक्क्यावर उघडायची. भाकरी थापता थापता ती धक्का बघायची. नवी नवरी खिडकीत उभी असते म्हणून सासूनं एकदा खिडकीला गोणपाट लावलं. काकूनं ते काढून त्याची घडी घातली, सासूच्या हातात दिली आणि म्हणाली, "आई, हे पायपुसणं म्हणून चांगलं होईल."

टोळीची कामाची एक रीत होती. दोन वॅगनांच्या मध्ये माणसं समोरासमोर जोड्यांनी उभी राहायची आणि ओझं हातोहात पुढे सरकायचं. हलकं असो की जड, पुढच्या जोडीनं "घेतलं" म्हटल्याशिवाय मागच्या जोडीनं हात सोडायचा नाही. दिवसभर धक्क्यावर हा एकच शब्द ऐकू यायचा. घेतलं, घेतलं, घेतलं. आमच्या चाळीत पाळण्यातली पोरं आई म्हणायच्या आधी घेतलं म्हणायची, असं काकू सांगते. यातलं निम्मं तरी खरं असावं.

काका ताकदीचे होते आणि ते त्यांना जरा जास्तच माहीत होतं. त्यांच्या जोडीचं काम नेहमी सगळ्यांत आधी संपायचं. एका दुपारी वर जाणारा पंप आला, त्याचं बिडाचं धूड टोळीच्या हातातून पुढे चाललं होतं. बाबांच्या हातातून ते काकांच्या हातात जायचं होतं. ते गेलं नाही. मध्येच सुटलं आणि काकांच्या मांडीवर पडलं. पाय राहिला, पण नावालाच राहिला. काका त्यानंतर कुबड्यांशिवाय चालले नाहीत.

चौकशी झाली. बाबा म्हणाले, "दादा घेतलं म्हणाला, म्हणून मी सोडलं." काकांना विचारलं तर ते म्हणाले, "मला काही आठवत नाही." दोघांच्या जोडीदारांना गलक्यात काही कळलं नव्हतं, बाकीच्या जोड्या आपापल्या ओझ्यात होत्या, कोणी काही ऐकलं नव्हतं. साहेबानं प्रकरण मिटवलं, पण धक्क्यानं मिटवलं नाही. काही जण बाबांकडे बघून बोलायचं थांबवायचे. बाबा मुळात तापट, त्यात मनाला लावून घेणारे. एखाद्यानं नुसतं खाकरलं तरी त्यांना वाटायचं, आपल्यालाच टोमणा मारला.

काकूच्या संसारात मिळवतं कोणी उरलं नव्हतं. काकूनं काकांचा पितळी बिल्ला घासून लखलखीत केला आणि तो घेऊन ती मालबाबूसमोर जाऊन उभी राहिली. मालबाबू म्हणजे मालधक्क्याचा कारकून, पान खाणारा आणि उगाच हसणारा माणूस.

"हा मला लावून द्या," काकू म्हणाली.

मालबाबू हसला. "बाई, इथे गोण्या उचलतात. उशा नाहीत."

"तुम्ही उचलता का?"

"मी कशाला उचलू?"

"मग आपण दोघंही नवीन. मला आधी शिकू द्या."

ती रोज तिथे जाऊन उभी राहायची. तो हाकलायचा, ती बाजूला व्हायची, पण जायची नाही. एके दिवशी टोळीत दोन माणसं आलीच नाहीत आणि मोठीचा गार्ड शिट्टीवर शिट्टी मारू लागला. काकूनं पदर खोचला आणि रिकाम्या जागेत जाऊन उभी राहिली. ओझं आलं, तिनं घेतलं, पुढे दिलं. संध्याकाळी तिचे दोन्ही तळहात सोलवटले होते. दुसऱ्या दिवशी त्यांना चिंध्या बांधून ती पुन्हा हजर. मालबाबूनं बिल्ला लावून दिला, आणि त्यानंतर तो तिच्यासमोर कधी उगाच हसला नाही.

काही वर्षांनी जुना मुकादम निवृत्त झाला. टोळीनंच तिचं नाव पुढे केलं. ती सगळ्यांत जास्त उचलायची म्हणून नव्हे. कुठली जोडी दमली, कुठला माणूस घरून भांडून आलाय, हे तिला लांबून कळायचं. खिडकीतून इतकी वर्षं तेच तर पाहिलं होतं. मुकादम झाल्यावर पहिल्याच सकाळी तिनं टोळी समोर उभी केली आणि म्हणाली, "आजपासून एक गोष्ट. वजन अंगावर आल्याशिवाय घेतलं म्हणायचं नाही. हात लागला म्हणजे घेतलं नव्हे. वजन आल्याशिवाय बोलायचं नाही."

टोळीत बाबा होतेच. ते ऐकून त्यांनी हातातली चुंबळ खाली टाकली आणि घरी आले. महिना पुरा करून आम्ही गाव सोडलं. धाकटी लाईन जिथे संपते, त्या वरच्या गावात बाबांनी पिठाची गिरणी टाकली. मी तेव्हा शाळेत जाऊ लागले होते. आईनं कारण विचारलं तर बाबा म्हणाले, "रोज सकाळी माझं प्रेत बाहेर काढणार ती. सगळ्यांच्या देखत." त्या विषयावर एवढं बोलले ते शेवटचं.

काकूलाही कमी समजू नका. तिनं कारण विचारलंच नाही. दीर बाईच्या हाताखाली काम करायला तयार नाही, हे तिनं मनाशी ठरवून टाकलं. तिच्या मते तेवढं पुरेसं होतं. दोघंही आपापल्या समजुतीवर असे ठाण मांडून बसले की मध्ये धाकटी लाईन नसती तर घराण्याचे दोन तुकडेच झाले असते. मी मात्र सुट्टीत तिच्याकडे जायचे. त्याला कोणी आडकाठी केली नाही. काका खाटेवर बसून वेताच्या खुर्च्या विणायचे आणि मला जुन्या गोष्टी सांगायचे, फक्त त्या दुपारची सांगायचे नाहीत. ते गेले तेव्हा बाबा खाली आले, दारात उभे राहिले, खांदा दिला आणि पाणीही न पिता पुढच्या गाडीनं वर गेले. काकूनं त्यांच्यासाठी ताट वाढून ठेवलं होतं. ते तिनं रात्री स्वतः खाल्लं, हे मला तिनं एकदाच सांगितलं.

मग धाकटी रुंद करायचं ठरलं. आता डोंगरातला डबा थेट सपाटीवर जाणार, मध्ये कोणी काही उतरवायचं नाही. पेपरात याचं फार कौतुक आलं, आणि होतंच ते कौतुकाचं. वरच्या गावात लोकांनी पेढे वाटले. खाली टोळी मोडली. कोणी रिक्षा घेतली, कोणी मुलाकडे गेलं, टोळीतला सगळ्यांत उंच माणूस, ज्याला लांब्या म्हणायचे, तो शाळेत शिपाई झाला. धक्क्याचे दगड उपटून नेले आणि तिथे नव्या रुळांसाठी छातीएवढा खोल, रुंद चर खणला. काम रखडलं. त्या काळात धाकटी गाडी यार्डाच्या अलीकडेच थांबायची आणि प्रवाशांना चरावरून फळ्यांच्या साकवानं, नाहीतर लांबच्या जिन्याच्या पुलावरून मोठीपर्यंत चालावं लागायचं. काकूनं एक हातगाडी घेतली आणि त्यांचं सामान पोचवू लागली. "जंक्शन अजून मेलेलं नाही," ती म्हणायची, "नुसतं उघडं पडलंय."

त्याच दिवसांत बाबा गिरणीच्या पत्र्यावरून पडले.

कंबर आणि पाठीचा कणा. वरच्या दवाखान्यातला डॉक्टर प्रामाणिक होता. तो म्हणाला, "शहरात न्या. तिथे ऑपरेशन झालं तर चालतील. पण नेताना यांना धक्का बसता कामा नये. वाकवू नका, बसवू नका, टेकवताना आपटू नका. एक हिसका बसला तर पाय कायमचे जातील." रस्ता म्हणजे खड्डे, घाट आणि दिवसभराचा प्रवास. तो प्रश्नच नव्हता. धाकटी गाडी सावकाश चालते, तिला तेवढंच येतं. जंक्शनपर्यंत काळजी नव्हती. काळजी होती ती मधल्या चराची. साकवाच्या फळ्या लवतात आणि पुलाच्या जिन्यावर आडवा माणूस तिरका होतो.

मी शिवणकाम करते. न्हाणीघराचं दार बिजागऱ्यांतून काढलं, त्यावर गादी घातली, ताडपत्रीचे पट्टे शिवून दोन्ही बाजूंना हात घालायला फास केले. मी शिवत असताना बाबा म्हणाले, "तिला कळवू नकोस."

"कोणाला?" मी विचारलं. कोणाला ते मला चांगलं ठाऊक होतं.

"हमाल करू दोन. तिला कळवायचं नाही."

मी स्टेशनात गेले आणि मास्तरांच्या फोनवरून तिलाच कळवलं. मला वाटलं, आता ती रडेल. पण तिनं विचारलं, "दार किती लांब आहे?"

"म्हणजे?"

"दार ग, दार. किती लांब, किती रुंद? आणि उघडतं कुठल्या बाजूला ते नको सांगूस, ते आता उघडायचं नाहीये."

मी माप सांगितलं. "बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी धरली. गार्डच्या डब्यात दार आडवं ठेवलं होतं, मी शेजारी जमिनीवर बसले होते. बाबा छताकडे बघत होते. डोंगर उतरून गाडी सपाटीला लागली तसं त्यांनी विचारलं, "कळवलंस ना?"

"हो."

"माझ्यावर गेली आहेस," ते म्हणाले. कौतुक होतं की शिवी ते मी विचारलं नाही.

गाडी थांबली आणि गार्डच्या डब्याचं दार बाहेरूनच उघडलं गेलं. समोर काकू होती, बिल्ला लावलेली. तिच्या मागे टोळी होती. मोडलेली, पांगलेली, पोटं सुटलेली टोळी. लांब्या शिपायाच्या गणवेशात होता. दुसरा एक जण, ज्याला उभ्या उभ्या झोपतो म्हणून डुलक्या म्हणायचे, तो मुलाच्या गावाहून आला होता आणि चक्क जागा होता. काकूनं एका दिवसात सगळ्यांना गोळा केलं होतं. फक्त एक माणूस कमी पडत होता, त्याला आता खांदाच वर उचलता येत नव्हता. तरी तो आलाच होता, आणि काकूनं त्याला मोठीच्या गार्डशी बोलत ठेवायच्या कामावर बसवलं होतं.

चराच्या कडेला कामावरचा तरुण इंजिनिअर आडवा आला. "इथून जाता येणार नाही. माती ढासळते. कोणी दबलं तर जबाबदार कोण?"

मला वाटलं, आता काकूची जीभ सुटणार. पण ती त्याच्या शेजारी जाऊन चरात बघू लागली. "कुठली बाजू ढासळते?"

"ही. ही अख्खी."

"आणि तिकडची?"

"तिकडे खाली खडक आहे. पण तिकडून..." तो थांबला. त्यानं दारावरच्या बाबांकडे पाहिलं, मग मोठ्या लाईनकडे. मोठी गाडी येऊन उभी राहत होती. "तिकडून चालेल," तो म्हणाला. "पण काठावर गर्दी करू नका. दोन-दोनच उभे राहा." आणि त्यानं स्वतः पुढे होऊन आपल्या माणसांना तिथली अवजारं उचलायला लावली. मी आजवर त्या माणसाचं नाव विचारलेलं नाही, पण तो भला माणूस होता एवढं सांगून ठेवते.

जोड्या लागल्या. एक काठावर, दोन चरात, एक पलीकडच्या चढावर. शेवटची काकू आणि लांब्या, मोठीच्या डब्याखाली. त्या बाजूला फलाट नव्हता, डब्याचं दार माणसाच्या छातीपेक्षा वर. डब्यात कोण घेणार? डुलक्या चढला. दुसरं कोणी उरलं नव्हतं.

"तू चढ," काकू मला म्हणाली.

"मी?"

"बापाबरोबर जाणार आहेस ना? मग रिकाम्या हातानं कशाला जातेस?"

मी चढले. डब्याच्या दारात गुडघे टेकून बसले आणि तिथून बघत राहिले. दार हातांवर येत होतं. दोन माणसांनी दिलं, दोघांनी घेतलं. "घेतलं." एक श्वास. "घेतलं." बाबांनी डोळे घट्ट मिटले होते. इतक्या वर्षांनी हे त्यांच्या कानावर येत होतं, आणि या वेळी ओझं ते स्वतःच होते. चरातल्या जोडीनं दार खांद्यांवरून उचललं, पुढच्यांनी वरून धरलं, एकाचा पाय मातीत घसरला आणि तरी दार जराही झुकलं नाही. त्यानं पाय पुन्हा रोवला आणि तेव्हाच म्हणाला, "घेतलं." मोठीच्या इंजिनानं शिट्टी दिली. जंक्शनचे मास्तर पुलावरून ओरडत होते की मागे दुसरी गाडी येऊन थांबलीय, आता सिग्नल द्यावाच लागेल. काकूनं त्यांच्याकडे मानही वळवली नाही.

दार काकू आणि लांब्याच्या हातात आलं. डोकं पुढे होतं, म्हणजे बाबांचा चेहरा नेमका काकूच्या चेहऱ्याशी आला. इतक्या वर्षांत ते दोघं इतके जवळ आले नव्हते. दोघंही दुसरीकडेच बघत होते.

"उचल," ती लांब्याला म्हणाली. दार वर आलं. मी फासांत हात घातले, डुलक्यानं पलीकडून घातले. पुन्हा शिट्टी झाली. डब्याला बारीकसा हिसका बसला. गाडी निघाली असं वाटून मी म्हणाले, "घेतलं."

काकूनं सोडलं नाही.

"खोटं बोलू नकोस," ती म्हणाली. आवाज वाढलेला नव्हता. "वजन अजून माझ्याच हातात आहे. आल्यावर म्हण."

"काकू, गाडी..."

"गाडी जाऊ दे. आल्यावर म्हण."

तिच्या मनगटांच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या. तिचं वय झालं होतं हे मला तेव्हा, त्या शिरा बघून कळलं. मी गुडघे फाकवले, पाठ डब्याच्या चौकटीला लावली आणि ओढलं. आणि मग ते आलं. माझे बाबा, अख्खे, माझ्या दोन्ही हातांत आले. दंड निघून जातील असं वाटलं.

"घेतलं," मी म्हणाले.

काकूनं हात सोडले.

दार डब्यात सरकलं. डुलक्यानं आणि मी ते बाकांच्या मध्ये टेकवलं, आवाजही झाला नाही. बाबांनी डोळे उघडले होते आणि मान वळवता येत नव्हती म्हणून ते छताकडेच बघत बोलले.

"वहिनी."

काकू खाली, डब्याच्या दारात हात टेकून उभी होती. "बोला."

"दादा असंच म्हणाला होता. आत्ता ही म्हणाली ना, तसंच. वजन यायच्या आधी."

"माहीत आहे."

"माहीत आहे?"

"ह्यांनी मला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, खाटेवर पडल्या पडल्या. हात लागला आणि मी घेतलं म्हणालो, असं म्हणाले. चारचौघांत कबूल करायची लाज वाटली त्यांना. म्हणून तर मी नियम केला, भाऊजी. तो घेणाऱ्याला लावलेला नियम होता. सोडणाऱ्याला मी कधी एक शब्द तरी म्हटलं का?"

बाबांच्या डोळ्यांतून पाणी कानांकडे ओघळलं.

"मला वाटलं, तुम्हाला बाईच्या हाताखाली नको होतं," काकू म्हणाली. "सांगायला यायला हवं होतं मी. तेवढा ताठा सोडायला हवा होता. चुकलंच माझं."

मग गाडी खरोखरच हलली. डुलक्या खाली उतरायचा राहिला तो पुढच्या स्टेशनापर्यंत आमच्याबरोबर आला, आणि मी सांगते, बसल्या बसल्या झोपला. मी दारातून वाकून पाहिलं. काकू तिथेच उभी होती, तळहात एकमेकांवर चोळत. मागे टोळी चरातून एकमेकांना हात देऊन वर काढत होती आणि "घेतलं, घेतलं" म्हणून हसत होती. मला रडू फुटलं. बाबांना पुसायला माझ्याकडे रुमाल नव्हता, मग पदरानंच पुसलं, त्यांचंही आणि माझंही.

ऑपरेशन झालं. चालायला बराच काळ गेला, पण बाबा चालले, काठी घेऊन, जरा तिरके. तोवर लाईन रुंद झाली होती. आता वरच्या गावातून शहरापर्यंत एकच गाडी जाते. जंक्शनात कोणाला काही बदलावं लागत नाही. चर बुजला, तिथून गाड्या जातात आणि बहुतेक लोकांना तिथे एकेकाळी काय होतं याचा पत्ताही नाही. गाडी थोडीशी टेकते आणि सुटते. पाटीवर 'जंक्शन' मात्र तसंच आहे, ते पुसायचं कोणाच्या डोक्यात आलेलं नाही.

पहिल्यांदाच नव्या गाडीनं तपासणीला शहरात जायचं होतं. तिकीट थेट शहराचं होतं. जंक्शन आलं तशी बाबांनी काठी उचलली.

"बाबा, आपल्याला पुढे जायचंय."

"पुढच्या गाडीनं जाऊ. ताट वाढलेलं असेल," ते म्हणाले आणि दाराशी गेले.

काकू फलाटावर होती. कोणी कळवलं ते मला विचारू नका, या वेळी मी नव्हते कळवलं. गाडीची पायरी फलाटापासून बरीच वर होती आणि बाबांचा डावा पाय अजून भरवशाचा नव्हता. काकूनं पुढे होऊन त्यांचा दंड धरला.

"उतरा, भाऊजी."

बाबा उतरेनात. मागे लोक खोळंबले, एकजण म्हणाला, "आजोबा, उतरायचंय की नाही?" गार्डनं शिट्टी फुंकली. बाबा दांडा धरून तसेच उभे, काकूकडे बघत. काकूला माझ्याआधी कळलं. तिनं त्यांच्या हातातली काठी बाजूला ठेवली, पाय रोवले, आपला खांदा त्यांच्या काखेखाली घातला आणि त्यांचा सगळा भार आपल्यावर येईपर्यंत थांबली.

"घेतलं," ती म्हणाली.

बाबांनी दांडा सोडला.